कॉस्प्लेवर संशोधन करायचंय? मग 'आदर' कसा मोजणार?

पीएचडीसाठी विषय शोधताय आणि तुमच्या यादीत कॉस्प्ले आहे, तर आधी दोन वाक्यं खोडून टाका. पहिलं, 'कॉस्प्ले म्हणजे परदेशी फॅडचं अंधानुकरण.' दुसरं, 'कॉस्प्ले म्हणजे आपल्या बोहाड्याचंच आधुनिक रूप.' पहिलं वाक्य तुच्छतेने म्हटलं जातं, दुसरं कौतुकाने. पण संशोधनाच्या प्रस्तावात दोन्ही सारखीच निरुपयोगी. काय दिसलं तर हे विधान चुकीचं ठरेल, असा प्रश्न विचारून बघा. उत्तर मिळत नाही. जे विधान चुकूच शकत नाही, त्याच्यामागे चार वर्षं कशाला घालवायची?

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानाचं, त्यामुळे 'यात नेमकं बघायचं काय?' ही खोड जात नाही. आजची पोस्ट त्या खोडीतूनच आली आहे.

आधी थोडी माहिती. कॉमिक, ॲनिमे, गेम किंवा सिनेमातल्या पात्राचा वेश तयार करून तो अंगावर वागवणं म्हणजे कॉस्प्ले. 'कॉस्च्युम' आणि 'प्ले' मिळून झालेला हा शब्द १९८०च्या दशकात जपानमध्ये रूढ झाला. त्याचं श्रेय नोबुयुकी ताकाहाशी यांना देतात. प्रथा मात्र त्याहून जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यातले शोभतील असे कपडे घालून तिथे आले. पुढे या छंदाचा आद्यपुरुष म्हणून ॲकरमन यांचं नाव झालं. ते कपडे शिवले होते डग्लस यांनी, आणि त्यांचं नाव बराच काळ मागे राहिलं. म्हणजे या छंदाच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर श्रेयाचा प्रश्न उभा आहे. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जपानमधल्या नागोयात २००३पासून जागतिक कॉस्प्ले मेळावा भरतो. आपल्याकडे २०११मध्ये दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन झालं, त्याच वर्षी मुंबईतही. नाशिकच्या मुलांना मोठा कार्यक्रम गाठायचा तर बहुधा मुंबई-पुण्याची गाडी धरावी लागते, आणि चिलखत पिशवीत मावत नाही!

ते चिलखत सहसा ईव्हीए फोमचं असतं, म्हणजे इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेटचं. हीट गनने तापवलं की हे शीट मऊ पडतं, वाकवून थंड होईपर्यंत धरलं की तोच आकार ठेवतं. वरून गरम हवा फिरवली की पृष्ठभागावरची बारीक छिद्रं मिटतात, मग रंग आत मुरत नाही. कापणं, चिकटवणं, घासणं, रंगवणं, विग बसवणं, शिवण, मेकअप हे सगळं वेगळंच. हे काम 'पोरखेळ' म्हणून उडवून लावणाऱ्याने एकदा खांद्याचा एक तुकडा मापात बसवून दाखवावा.

आता बोहाडा. नाशिकच्या पश्चिमेला त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात आणि घाट उतरून मोखाडा-जव्हारकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. कोकणा, वारली, महादेव कोळी समाजांचा हा उत्सव. संबळ-सनईच्या ठेक्यावर गणपती, सरस्वती, रावण अशी सोंगं रात्रभर एकामागून एक निघतात. मुखवटे कागदाच्या लगद्याचे, काही लाकडी. त्यांची पूजा होते. अनेक गावांत कोणतं सोंग कोणत्या घराकडे हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं असतं. खुद्द नाशिक शहरात धुळवडीला वीरांची मिरवणूक असते. घरच्या वीरांचे टाक गोदावरीवर स्नानाला जातात, लहान पोरांना देवांचे वेश करतात आणि बाशिंग बांधलेला दाजीबा वीर बघायला गर्दी लोटते.

दोन्हीकडे वेश आहे, पात्र आहे, बघणारे आहेत. म्हणून 'एकच गोष्ट' म्हणायचा मोह होतो. पण 'आदर' हा शब्द घेऊन जवळ गेलात की दोन्ही वेगळ्या दिसू लागतात. आदर मनात असतो आणि मन मोजता येत नाही. त्याचे नियम मात्र बाहेर दिसतात. मी ते तीन प्रश्नांत मांडते: अंगाला हात कोण लावू शकतं? श्रम कुणाच्या नावावर जमा होतात? आणि भूमिका कुणाला मिळते?

पहिल्या प्रश्नावर कॉस्प्लेवाल्यांनी खरंच काम केलंय. न्यूयॉर्क कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' असे फलक लागले. फोटोआधी विचारा, वेशाला किंवा अंगाला हात लावू नका, हा नियम लेखी झाला. तो लिहावा लागला याचं कारण तितकंच बोलकं आहे. परक्यांच्या गर्दीत लोकलाज चालत नाही. बोहाड्यात सोंगाखालचा माणूस कुणाचा कोण हे गावाला ठाऊक असतं.

दुसऱ्या प्रश्नात दोघेही कमी पडतात. स्पर्धेच्या मंचावर नाव येतं ते घालणाऱ्याचं. शिवून देणारा टेलर, रात्री जागून अस्तर लावणारी आई, तलवार करून देणारा मित्र यांचा उल्लेख झाला तर झाला. आणि मुखवटा गावाबाहेर पडून एखाद्या दिवाणखान्यात टांगला गेला की खाली 'आदिवासी मुखवटा' एवढीच पट्टी. घडवणाऱ्याचं नाव कुठे आहे?

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि कॉस्प्लेवरची माझी खरी टीका इथे आहे. बोहाड्याचं दार अरुंद आहे. सोंग घराण्याचं, आणि देवींची सोंगंही परंपरेने पुरुषच घेत आले. पण एकदा मुखवटा चढला की खालच्या चेहऱ्याचा रंग किंवा पोटाचा घेर कुणी विचारत नाही. कॉस्प्लेचं दार सताड उघडं आहे, कुणीही कुणीही व्हावं. आत गेल्यावर मात्र चेहरा आणि शरीर उघड्यावर असतं. 'हे पात्र एवढं जाड नाही', 'ही तर गोरी आहे, तू कशी झालीस?' असं कुणी बोललं की ते दार त्या मुलीपुरतं बंद होतं. 'हुबेहूब' हा निकष कपड्यासाठी आहे, तो घालणाऱ्याच्या कातडीला लावणं हा निव्वळ अपमान आहे. 'सर्वांचं स्वागत' असं म्हणणाऱ्या समूहाने याचं उत्तर द्यायला हवं.

आता बघा, इथून चुकू शकेल असा प्रश्न तयार होतो: पूर्ण मुखवटा असलेल्या पात्रांना शरीरावरचे शेरे कमी ऐकावे लागतात का? 'आधुनिक बोहाडा' या गोड वाक्यापेक्षा हे कितीतरी कामाचं. शिवाय यात एक मेख आहे. चेहरा झाकला की शेरे कदाचित कमी होतील, पण माणूस पुतळा वाटून लोक हात जास्त लावतील. म्हणून दोन्ही मोजा. एका तासात किती जणांनी फोटोआधी विचारलं, किती जणांनी न विचारता स्पर्श केला, किती शेरे शरीरावर आणि किती कामावर. दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदी करायच्या आणि त्यांची सहमती कोहेनच्या कप्पाने तपासायची. फलक लावले होते का, गर्दी किती होती, मुलगा की मुलगी, याही नोंदी हव्यात. नाहीतर फलकाचं श्रेय मुखवट्याला द्याल.

शेवटचा मुद्दा आपल्याबद्दल. मंचाजवळ कुणी हसून पोझ दिली, म्हणजे तुमच्या प्रबंधात छापून यायला होकार दिला असं होत नाही. फोटोची संमती वेगळी, संशोधनाची वेगळी. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागते आणि सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचाही होकार लागतो. कॉस्प्ले करणाऱ्यांत शाळा-कॉलेजची मुलं भरपूर असतात, म्हणून नैतिकता समितीचा अर्ज नोंदी सुरू करण्याआधी जायला हवा. बोहाड्याच्या गावात तर मुखवट्याला हात लावण्याआधी, कॅमेरा काढण्याआधी गावातल्या जाणत्यांना विचारा आणि नाही म्हणाले तर वही मिटून नुसतं बघा.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या प्रस्तावात 'आदर', 'सन्मान', 'स्वीकार' असे शब्द जिथे जिथे आलेत तिथे पेन्सिलने खूण करा आणि प्रत्येकासमोर लिहा, हे मला डोळ्यांनी कशात दिसेल? ज्या शब्दासमोर जागा रिकामी राहील, तो घेऊन गाइडकडे जा. चर्चा तिथूनच सुरू होईल.