४४६ : एका आकड्याचे दोन काठ

एका हंगामात एका संघाने केलेले सर्वाधिक गोल : ४४६, एडमंटन ऑयलर्स, १९८३-८४. एका हंगामात एका संघावर झालेले सर्वाधिक गोल : ४४६, वॉशिंग्टन कॅपिटल्स, १९७४-७५. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगच्या, अर्थात एनएचएलच्या, विक्रमांच्या पानांवर या दोन ओळी नांदतात. दोन्ही हंगाम ८० सामन्यांचे. मध्ये नऊ वर्षांचे अंतर. आणि शिखराची उंची नि दरीची खोली मोजायला गेले तर दोन्हींचे माप तंतोतंत एकच. बर्फावरची हॉकी आपल्याकडे फारशी पाहिली जात नाही हे खरे, पण ९९.९४ हा आकडा कानावर पडताच ज्यांच्या डोळ्यांपुढे ब्रॅडमन उभा राहतो, त्या आपल्याला आकड्यांतला रस कुणी निराळा शिकवावा लागत नाही. तेव्हा या पानांपाशी आपण थोडे रेंगाळू या आणि एकेक आकडा हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहू या.

आधी एडमंटनचे ४४६. प्रत्येकी वीस मिनिटांच्या तीन सत्रांचा हा खेळ, बर्फावर गोलरक्षक धरून एका संघाचे सहा जण, आणि वाटेत उभा असलेला प्रतिस्पर्धी गोलरक्षक जाडजूड गाद्यांच्या चिलखतात जाळे झाकून बसलेला. अशा खेळात सामन्यामागे साडेपाचांहून अधिक गोल, म्हणजे सुमारे दर अकरा मिनिटांना एक, आणि तेही अख्खा हिवाळाभर! त्यांतले ८७ एकट्या वेन ग्रेट्झ्कीचे. ७४ सामन्यांत त्याने गोल आणि गोलसाहाय्य मिळून २०५ गुण जमवले. ग्लेन अँडरसनचे ५४, यारी कुरीचे ५२, आणि ज्याचे मूळ काम बचावाचे, त्या पॉल कॉफीचेही ४०. पण माझे मन रमते ते या बेरजेच्या पोटातल्या एका छोट्या आकड्यात : ३६. आगळीक करणाऱ्या खेळाडूला दोन मिनिटे बाहेरच्या बाकावर बसवतात, आणि तेवढा वेळ त्याच्या संघाला एक माणूस कमी घेऊन लढावे लागते. अशा वेळी शहाणा संघ पक, म्हणजे ती रबराची चकती, दूर भिरकावतो आणि जीव मुठीत धरून घड्याळाकडे पाहतो. एडमंटनने त्या हंगामात अशा उण्या अवस्थेत ३६ गोल केले, त्यांतले १२ ग्रेट्झ्कीचे. संकटाचा क्षण हाच चढाईचा क्षण मानणाऱ्या एका तरुण संघाचा स्वभावच या ३६ मध्ये उतरला आहे. एका हंगामात चारशेहून अधिक गोल करण्याची किमया एनएचएलमध्ये आजवर याच संघाने केली, आणि ती १९८१-८२ पासून सलग पाच हंगाम केली.

आणि या धो धो वर्षावाची गोडी पूर्णत्वाला जाते ती एका मिताक्षरी निकालात. १९८४ च्या मे महिन्यात एनएचएलचे विजेतेपद ठरवणाऱ्या स्टॅनले कपची अंतिम फेरी आली. समोर न्यूयॉर्क आयलंडर्स, सलग चार वर्षे कप जिंकलेले. ४४६ गोल करून आलेल्या एडमंटनने पहिला सामना जिंकला तो १-० असा. एकुलता एक गोल केविन मॅकलेलंडचा. यादीतल्या साऱ्या मोठ्या नावांना ओलांडून मान त्याला मिळाला, आणि गोलरक्षक ग्रँट फ्यूरने एकही चकती आत जाऊ दिली नाही. मुसळधार बरसणाऱ्याला एका थेंबाचे मोल ठाऊक असते, हे त्या एका रात्रीने सांगितले. एडमंटनचा तो पहिला कप.

आता दुसऱ्या काठावर जाऊ. १९७४ साली एनएचएलने दोन नवे संघ घेतले, कॅन्सस सिटी आणि वॉशिंग्टन, आणि संघसंख्या १८ झाली. तिकडे १९७२ पासून वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग उभी होती आणि तीही खेळाडू ओढून घेत होती. जुन्या संघांनी राखून ठेवल्यावर उरलेल्यांतून ज्यांना आपला ताफा उभारायचा, त्यांच्या वाट्याला काय येणार! वॉशिंग्टनचे पहिले वर्ष : ८० सामन्यांत ८ विजय, ६७ पराभव, ५ बरोबरी. गुणतक्त्यात मिळवता येण्याजोग्या १६० गुणांपैकी २१. हंगाम संपेपर्यंत तीन प्रशिक्षक झाले. पण आपण इथेही घाईने मान फिरवू नये, कारण या ४४६ मध्येही माणसे उभी आहेत. मिशेल बेल्युमर हा त्यांचा एक गोलरक्षक. त्याच्या नावापुढे त्या हंगामात २४ पराभव, ३ बरोबरी आणि विजयाच्या रकान्यात शून्य. याच बेल्युमरने शिकागोविरुद्धच्या एकाच सामन्यात दोन पेनल्टी शॉट अडवले होते. पेनल्टी शॉट म्हणजे मोकळ्या बर्फावरून एकटा आक्रमक चकती घेऊन धावत येतो आणि मध्ये गोलरक्षकाखेरीज कुणी नसते. सहकाऱ्यांची फळी जेव्हा खरोखरच बाजूला केली गेली, तेव्हा हा माणूस दोन्ही वेळा जिंकला. शून्याच्या रकान्याशेजारी हे ठेवून वाचले, की ते शून्य एकदम निराळ्या प्रकाशात दिसते.

कॅपिटल्सचे सामने घरचे आणि परगावचे असे वेगळे मांडले, की आणखी एक आकडा वर येतो, आणि तो सर्वांत लहान आहे : १. परगावच्या ४० सामन्यांत त्यांनी ३९ गमावले आणि एक जिंकला. आधी ओळीने ३७ पराभव झाले, आणि मग २८ मार्च १९७५ रोजी ओकलंडमध्ये कॅलिफोर्निया गोल्डन सील्सवर ५-३ असा विजय. त्या रात्री खेळाडूंनी कचऱ्याचा एक डबा उचलला, त्यावर आपापल्या सह्या केल्या आणि स्टॅनले कप उंचावून मिरवतात तसा तो मिरवला. हंगाम जवळजवळ संपलेला, तळाचे स्थान कधीच ठरून गेलेले, आणि तरी हा जल्लोष! जिंकण्याचा निखळ आनंद पाहायचा असेल, तर तो या डब्याभोवती पाहावा. कारण त्या आनंदाला पुढची फेरी, बक्षीस, मानमरातब यांपैकी कशाचाही आधार नव्हता. एक सामना जिंकला, एवढेच त्याचे कारण होते आणि तेवढे पुरले.

आता याच १ चा जुळा भाऊ पाहा. दोनच वर्षांनी, १९७६-७७ मध्ये, माँट्रियल कॅनेडियन्सने ६० विजय, ८ पराभव आणि १२ बरोबरी असा हंगाम रंगवला. प्रशिक्षक स्कॉटी बोमन. गोलजाळ्यात मुख्यत्वे केन ड्रायडन. आघाडीला १३६ गुणांचा गी लाफ्लर आणि ६० गोलांचा स्टीव्ह शट. ३८७ गोल केले, १७१ स्वीकारले. माँट्रियलच्या फोरममध्ये, म्हणजे आपल्या अंगणात, त्यांची नोंद आहे ३३ विजय, १ पराभव, ६ बरोबरी. तो एकमेव पराभव ३० ऑक्टोबर १९७६ चा, बॉस्टन ब्रुइन्सकडून, ४-३ असा. त्यानंतर १ नोव्हेंबरपासून हंगाम संपेपर्यंत घरच्या ३४ सामन्यांत त्यांना कुणीही हरवू शकले नाही. आणि वसंतात अंतिम फेरीत समोर आलेल्या त्याच बॉस्टनला त्यांनी सलग चार सामन्यांत नमवून कप राखला.

एका संघाचा घरचा एकुलता पराभव आणि दुसऱ्या संघाचा परगावचा एकुलता विजय. मला हे दोन १ समोरासमोर ठेवून पाहण्यात विलक्षण आनंद होतो. माँट्रियलच्या १ मुळे परिपूर्णतेला माणसाचा चेहरा मिळतो, आणि वॉशिंग्टनच्या १ मुळे दुर्दशेला माणसाची जिद्द मिळते. त्यांपैकी कुठल्याही जागी शून्य असते, तर विक्रम अधिक नेटका दिसला असता, पण त्यातली ऊब गेली असती. आणि या पानांना पुढेही पाने जोडली जातात, हे किती बरे! २०१८ च्या जूनमध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सने आपला पहिला स्टॅनले कप जिंकला, तो परक्या बर्फावर, लास व्हेगासमध्ये, ४-३ असा. समोरचा व्हेगास गोल्डन नाइट्स हा संघ होता पहिल्याच हंगामातला, अगदी नवा कोरा, आणि पहिल्याच वर्षी अंतिम फेरी गाठलेला. पहिले वर्ष किती कठोर असू शकते हे ज्याने सोसले, त्याच वॉशिंग्टनच्या वाट्याला पहिल्या वर्षाचे एवढे देखणे रूप समोरून पाहण्याचा योग आला.

आकड्यांची ही जोडी खेळाडूंपर्यंतही उतरते. खेळाडू बर्फावर असताना, संख्याधिक्याच्या जोरावर झालेले गोल सोडून, आपल्या संघाच्या गोलाला अधिक एक आणि आपल्यावर झालेल्या गोलाला उणे एक, असा एक हिशेब हॉकीत ठेवतात. १९७६-७७ च्या माँट्रियलच्या लॅरी रॉबिन्सनचा हा हिशेब अधिक १२०. १९७४-७५ च्या वॉशिंग्टनच्या बिल मिकेल्सनचा उणे ८२, एनएचएलच्या इतिहासातला सर्वांत खालचा. दोघेही बचावपटू. असा उणे आकडा मिळायलाही खेळाडूला प्रशिक्षकाने पुन्हा पुन्हा बर्फावर धाडावे लागते, आणि त्याला पुन्हा पुन्हा जावे लागते, हे आपण वाचक म्हणून विसरू नये. याच मिकेल्सनची मुलगी मेगन कॅनडाच्या महिला संघातून २०१० आणि २०१४ अशा दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेती ठरली, तीही बचावपटूच. वडिलांच्या नावावरचा उणे आणि मुलीच्या गळ्यातले सोने यांची बेरीज कुठल्याही तक्त्यात मांडलेली नाही; ती करण्याचे सुख रसिकासाठी राखून ठेवलेले आहे.

आणखी मागे गेलो, तर आकडे आपल्याला काळाचा रंगही दाखवतात. १९२८-२९ मध्ये माँट्रियल कॅनेडियन्सवर ४४ सामन्यांत अवघे ४३ गोल झाले, आणि त्यांचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने ४४ पैकी २२ सामन्यांत, म्हणजे नेमक्या निम्म्या सामन्यांत, एकही गोल होऊ दिला नाही. हेन्सवर्थचे कौशल्य थोरच; पण त्या काळी आक्रमण-क्षेत्रात चकती पुढे सरकवून देण्याला नियमांची मनाई होती. पुढच्याच हंगामात ती मनाई उठली आणि लीगमधले गोल साधारण दुपटीवर गेले. म्हणून हेन्सवर्थचे २२ वाचताना एका माणसाचे हात दिसतात, तसाच एका सरलेल्या युगाचा शेवटचा हिवाळाही दिसतो. फिलाडेल्फिया फ्लायर्सचे ३५ सामनेही याच जातीचे. १९७९ च्या ऑक्टोबरपासून १९८० च्या जानेवारीपर्यंत ते हरले नाहीत : २५ विजय, १० बरोबरी. त्या मालिकेच्या अलीकडे ९-२ असा पराभव आणि पलीकडे ७-१ असा पराभव. दोन धिप्पाड पहारेकऱ्यांच्या मध्ये ही अपराजित कमान उभी आहे. २००५-०६ पासून शूटआउट आले आणि बरोबरी हा निकालच हद्दपार झाला. त्या १० बरोबरींची नक्षी आता पुन्हा कुणाला काढता येणार नाही.

या साऱ्या आस्वादाचा गाभा मला सापडतो तो बॉस्टनच्या दोन हंगामांत. १९२९-३० मध्ये ब्रुइन्स ४४ पैकी ३८ सामने जिंकले, ५ हरले, १ बरोबरीत सुटला. गुणांची इतकी उंच टक्केवारी लीगमध्ये पुन्हा कुणाला गाठता आलेली नाही. संबंध हंगामात ते ओळीने दोन सामने हरले नव्हते. ओळीने दोन हरले ते अंतिम फेरीत, माँट्रियलकडून, आणि कप गेला. २०२२-२३ मध्ये त्याच शहराच्या संघाने ६५ विजय आणि १३५ गुण असे दोन्ही विक्रम नोंदवले. आणि कपच्या पहिल्याच फेरीत, सामन्यांची ३-१ अशी आघाडी असताना, ९२ गुणांनिशी जेमतेम आत आलेल्या फ्लोरिडा पँथर्सने त्यांना सातव्या सामन्यात, घरच्या बर्फावर, जादा वेळेत बाद केले. बर्फ घसरडा, चकती लहान, आणि सात सामन्यांचा पल्ला छोटा. त्या पल्ल्यात काहीही घडू शकते. ८२ सामन्यांचा संथ, दीर्घ न्याय मात्र संघाचे खरे रूप दाखवतो, आणि तो न्याय जपून ठेवण्याचे काम विक्रमांची पाने करतात.

स्टॅनले कपवर फक्त विजेत्यांची नावे कोरली जातात. त्या रुपेरी पट्ट्यांवर १३५ गुणांच्या बॉस्टनला जागा नाही, आणि ओकलंडच्या त्या रात्रीलाही नाही. विक्रमांचे पान अधिक उदार आहे. ज्याने गोल केला त्याच्याइतकीच ज्याच्यावर झाला त्याची नोंद ते ठेवते. शिखर आणि दरी दोघांना एकाच आकाराच्या अक्षरांत छापते. प्रत्येक गोलाला एक करणारा असतो आणि एक सोसणारा, आणि दोघांनीही तो तितकाच जीव ओतून खेळलेला असतो. हे ध्यानात ठेवून वाचू लागलो, की कोरड्या वाटणाऱ्या तक्त्यातला प्रत्येक आकडा दोन्ही बाजूंनी बोलू लागतो, आणि आपला आनंदही दुणावतो.