कार्शचे दिवे आणि गारोचा उजेड

युसूफ कार्शचे नाव निघाले, की ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावा येथे त्याने घेतलेले चर्चिलचे व्यक्तिचित्र आठवते, आणि त्यापाठोपाठ तोंडातील चिरूट काढून घेतल्याची गोष्टही. ही गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे, की चित्र पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. चिरूट गेल्याने कपाळावर आठी पडली असेल; परंतु ती आठी आपल्याला दिसते, ती आदल्या संध्याकाळी संसदेच्या सभापतींच्या दालनात मांडून ठेवलेल्या दिव्यांमुळे.

दिवे मांडण्याची ही दृष्टी कार्शला जेथे लाभली, तेथे दिव्यांचा वापर नव्हता. १९२८ साली मामाने त्याला बोस्टन येथील जॉन गारोकडे उमेदवारीस पाठविले. गारो नैसर्गिक उजेडावरच काम करी. दिवस मावळला, की छायाचित्रण थांबे. अशा ठिकाणी शिकणाऱ्यास उजेड हलविता येत नाही. माणसाला खिडकीजवळ आणावे, थोडे वळवावे, ढग सरेपर्यंत वाट पाहावी, एवढेच त्याच्या हाती उरते. नाकाची सावली ओठावर केव्हा उतरते, डोळ्याच्या खोबणीत अंधार केव्हा साचतो, हे त्याला मुकाट्याने पाहत राहावे लागते. पुढे १९३० नंतरच्या दशकात ओटावातील हौशी रंगभूमीवर कार्शला विजेच्या प्रकाशयोजनेचा परिचय झाला आणि उजेड आज्ञेत वागू लागला. हा क्रम महत्त्वाचा आहे. तो उलटा असता, तर कार्श केवळ नाटकी झाला असता.

आजच्या विद्यार्थ्याच्या हाती कार्शचे अखंड जळणारे दिवे नसून फ्लॅश असतो. तो कॅमेऱ्यावरून उतरवून बाजूस धरला, की भिंगाच्या रेषेतून सरळ येणाऱ्या उजेडाने सपाट झालेला चेहरा पुन्हा उंचसखल दिसू लागतो, हे प्रत्येक जण पहिल्याच दिवशी शिकतो. त्याचे गणितही अवघड नाही. फ्लॅशचे अंतर दुप्पट केले, की चेहऱ्यावरचा उजेड चतुर्थांश होतो. शटरची गती फ्लॅशशी जुळणाऱ्या मर्यादेत बदलली, तर भोवतालचा दिवसउजेड कमीअधिक होतो, फ्लॅशचा उजेड मात्र जवळजवळ तसाच राहतो. भिंगाचे छिद्र दोहोंवर सारखाच परिणाम करते. खरी अडचण वेगळी आहे. अखंड दिव्याची सावली चित्र घेण्यापूर्वी दिसते. फ्लॅशची सावली क्षणाच्या अत्यल्प अंशात पडते आणि मोडते. जी सावली डोळ्यांना दिसणार नाही, ती आधी मनात पाडावी लागते. गारोच्या शाळेची गरज म्हणूनच कार्शपेक्षा या विद्यार्थ्यास अधिक आहे. खिडकीपाशी बसून पाहण्याचा कंटाळा करणारा विद्यार्थी फ्लॅशच्या जागा पाठ करतो आणि प्रत्येक चेहऱ्यावर त्याच जागा लादतो.

हा दोष खुद्द कार्शलाही सर्वस्वी चुकविता आला नाही. मागून व बाजूंनी उजळलेली कड, स्वतंत्रपणे प्रकाशित केलेले हात, काळोखी पार्श्वभूमी ही त्याची रीत पुढे इतकी स्थिर झाली, की लेखक, सेनापती आणि शास्त्रज्ञ एकाच शिल्पशाळेतून घडून आल्यासारखे भासतात. थोरवी आधीच ठरलेली असते, प्रकाश तिला फक्त दुजोरा देतो. चर्चिलबाबत हे खपून जाते, कारण युद्धकाळात त्या मुद्रेची लोकांना गरज होती. त्याच बैठकीतील हसऱ्या चर्चिलचे चित्र त्यामानाने कोणाच्या ध्यानात नाही.

या रीतीतून कार्श सुटला, तो १९५४ सालच्या पाब्लो कासाल्सच्या चित्रात. फ्रान्समधील प्राद गावाजवळच्या जुन्या मठात कासाल्स चेलो वाजवीत पाठमोरा बसला आहे. समोर दगडी भिंत, उंचावर एक लहानशी खिडकी. चेहरा नाही, कपाळाची आठी नाही, हातांचा सोहळा नाही. बोस्टनमध्ये उमेदवाराने ज्या उजेडाची वाट पाहिली होती, त्याच जातीचा उजेड येथे भिंतीवरून खाली उतरतो आणि म्हाताऱ्याच्या टकलावर थांबतो.