तेरा गिरण्यांचा ताबा : एका प्रस्तावनेची चिकित्सा

राजाज्ञेंत कारण लिहिलेलें असलें म्हणजे तें पुरावा म्हणून घ्यावें कीं आज्ञा देणाराची कैफियत म्हणून, हा प्रश्न सनदा व निवाडपत्रें हाताळणारांस नवा नाहीं. केंद्र सरकारनें १८ ऑक्टोबर १९८३ पासून मुंबईंतील तेरा कापडगिरण्यांचें व्यवस्थापन हातीं घेतलें, त्या कायद्याच्या प्रस्तावनेसही तोच लावला पाहिजे.

प्रस्तावनेचा आशय असा कीं, गैरव्यवस्थेमुळें या गिरण्यांची आर्थिक स्थिति जानेवारी १९८२ च्या संपापूर्वींच पार ढासळली होती व पुढें ती अधिकच बिघडली. येथें संप केवळ कालनिर्देशापुरता येतो. सुमारें अडीच लक्ष कामगारांनीं दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं तो १८ जानेवारीस पुकारला. वेतनवाढीबरोबरच १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वयें राष्ट्रीय मिल मजदूर संघास असलेली मक्तेदारी मोडावी, ही त्यांची मागणी होती. तिचा मागमूसही प्रस्तावनेंत नाहीं. ताब्याच्या वेळीं संप रीतसर मागें घेतलेला नव्हता; पुढेंही घेतला गेला नाहीं.

तथापि हा लेख मोलाचा आहे. संपानेंच गिरण्या बुडाल्या, असें विरारच्या गाडींत अद्याप ऐकूं येतें. सरकारनें मात्र दोष संपापूर्वींच्या व्यवस्थापनाच्या माथीं मारला आहे. पण ही साक्ष निःस्वार्थ नव्हे. गैरव्यवस्था हाच ताब्याचा आधार होता, म्हणून ती लिहिणें सरकारास भागच होतें. श्रीसीताराम गिरणीच्या मालकांनीं वाद घातला. उच्च न्यायालयानें तो मान्य केला, सर्वोच्च न्यायालयानें १९८६ सालीं फिरविला. शिवाय ही साक्ष तेरांपुरतीच आहे. इतर गिरण्यांस ती लावणें म्हणजे एका गांवच्या सनदेवरून सबंध परगण्याचा निवाडा करणें होय.

दुसरी बाजू नीरा आडारकर व मीना मेनन यांच्या २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या गिरणगांवच्या मौखिक इतिहासांत आढळते. ग्रंथ आदरणीय खरा. पण आठवणींस समकालीन कागदाचा टेंका हवा. हस्तपत्रकें, पगाराच्या चिठ्ठ्या, बडतर्फीचीं पत्रें मुंबई सोडून विरार-नालासोपाऱ्यास आलेल्या कामगारांच्या ट्रंकांत असावयाचीं. १७३९ च्या वसईच्या मोहिमेचें एकेक पत्र आपण जिवापाड जपतों. या चिठ्ठ्यांची विचारपूस आपल्यापैकीं कोणीं केल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं.