तीन पुस्तकें आणि एक तळें

इंग्लंडांतील सरोवरप्रांतावर वर्डस्वर्थनें लिहिलेलें मार्गदर्शक 1810 सालीं प्रथम प्रसिद्ध झालें. निसर्गानें तो प्रदेश कसा घडविला एवढें सांगून कवि थांबला नाहीं. रहिवाशांच्या हातानें त्यास कोणतें रूप आलें, याचाही त्यानें स्वतंत्र विचार केला. गेल्या कार्तिकांत मराठी पुस्तकें बरोबर घेऊन मी गोंदिया जिल्ह्यांत, नागझिऱ्यापासून नवेगावबांधापर्यंत हिंडलों, तेव्हां या दुसऱ्या विचाराची उणीव मला पदोपदीं जाणवली.

बरोबर तीन ग्रंथ होते: व्यंकटेश माडगूळकरांचें ‘नागझिरा’, किरण पुरंदरे यांचें ‘सखा नागझिरा’ आणि मारुती चितमपल्ली यांचें ‘नवेगावबांधचे दिवस’. पहिलीं दोन अरण्याचीं पुस्तकें आहेत, आणि अरण्याचीं म्हणून उत्तम आहेत. माडगूळकरांचें वाक्य तोकडें व नेमकें. दिसलें तेवढें तें सांगतें, स्वतःच्या विस्मयाची जाहिरात करीत नाहीं. तथापि 1955 सालीं पुस्तकरूपानें आलेल्या ‘बनगरवाडी’च्या कर्त्याकडून माझी अपेक्षा अधिक होती. ज्यानें माणदेशांतील मेंढपाळांची वस्ती मराठींत अजरामर केली, त्यास रानाच्या कडेचें गांव कां खुणावूं नये? तो तेथें पाहुणा होता, असें यावर कोणी म्हणेल. उत्तर न्याय्य आहे. माझें समाधान मात्र होत नाहीं.

कारण कोहमाऱ्याहून नवेगावबांधाकडे वळलें कीं पुस्तकांतील अरण्य मागें राहतें आणि दोहों बाजूंस धानाच्या बांध्या लागतात. बांध्यांच्या वर कोठें ना कोठें तळें असतेंच. हीं तळीं निसर्गदत्त नव्हेत. कोहळी शेतकऱ्यांनीं उतार हेरून, मातीच्या पाळी घालून तीं बांधलीं. नवेगावचें तळें अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधलें असें परंपरा सांगते. गांवानें त्याचा कोलासुर देव केला. स्थापत्यविशारदाला देवपण देणारा समाज मला तरी दुसरा ठाऊक नाहीं.

चितमपल्लींचें श्रेष्ठत्व मला येथें दिसतें. ते वनाधिकारी होते, जन्मानें सोलापूरचे. परंतु माधवराव पाटलांसारख्या स्थानिक जाणकारांपाशीं ते शिष्य होऊन बसले, आणि तें ऋण त्यांनीं लपविलें नाहीं. सारंगागार, काकागार असे शब्द त्यांनीं मराठीस दिले. पक्ष्यांच्या वसतीला नांव मिळालें. पाण्याच्या वसतीचें काय? पाणी सोडण्याचें द्वार तें तुडुम, आणि जादा पाणी वाहून जाण्याची वाट ती सलंग, हे शब्द मला तिन्ही पुस्तकांपेक्षां पाळीवर अधिक उपयोगीं पडले. मालगुजारी 1950 च्या कायद्यानें गेली, तळीं सरकारजमा झालीं, पुष्कळांत गाळ सांचला. तुडुम उघडणारा माणूस गेला म्हणजे शब्दही जातो. आमचे कोशकार तेथवर क्वचितच पोंचतात.

18 जून 2025 रोजीं चितमपल्ली निवर्तले. त्यांच्या वाटेनें जाणारे रसिक आतां वाढतील, वाढावेत. त्यांनीं नवेगावच्या तळ्यावर दुर्बीण घेऊन अवश्य बसावें. पण ज्या पाळीवर आपण बसलों ती कोणीं घातली, हें जवळ जाळें विणीत बसलेल्या ढिवरास एकदां विचारावें. मला त्यानें तासभर सांगितलें, आणि माझी वही अपुरी पडली.