शटर अर्धं खाली की थेट वीज बंद? ‘क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर’ वाचताना

सिस्टिम्समध्ये संशोधन करायचा विचार असेल, तर जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांचा २००३चा ‘क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर’ हा पेपर जरूर वाचा. छोटा आहे, पण वाद घालायला लावतो.

प्रश्न असा: चालू सर्व्हर थांबवायचा कसा? कंट्रोल-सी दाबलं की सिगिंट येतो, कुबरनेटिस सिगटर्म पाठवतं. उमेळ्यातला दुकानदार रात्री शटर अर्धं खाली ओढतो: नवं गिऱ्हाईक नाही, पण आतल्यांचं उरकून द्यायचं. सर्व्हरचंही तेच. नवी कनेक्शन्स बंद, हातातल्या रिक्वेस्ट पूर्ण, मग एक्झिट. पण भर पावसात वीज गेली तर? किंवा सिगकिल आला तर? तो पकडताच येत नाही.

लेखक म्हणतात, अचानक मरण टळत नाही, म्हणजे सावरण्याचा कोड लिहावाच लागतो. मग बंद करण्याचा वेगळा कोड हवाच कशाला? बंद करणं म्हणजे क्रॅश, सुरू करणं म्हणजे रिकव्हरी. पुरावा: रेड हॅट ८ नीट रीबूट व्हायला १०४ सेकंद, क्रॅश करून ७५.

यात दम आहे. क्वचित चालणारा कोड कुजतो. हँडलरमध्ये प्रिंटएफ, मॅलॉक सुरक्षित नाहीत, म्हणून आपण नुसता फ्लॅग लावतो. पण लिनक्सवर हँडलर साध्या ‘सिग्नल’ फंक्शनने लावला, तर अडलेला ‘अ‍ॅक्सेप्ट’ आपोआप पुन्हा सुरू होतो. पुढचं कनेक्शन येईपर्यंत फ्लॅग कोणी बघतच नाही. बसा कंट्रोल-सी दाबत!

आता आकडा पुन्हा बघा. मोजलाय तो रीबूटचा वेळ. मध्येच तुटलेल्या रिक्वेस्ट त्यात नाहीत. त्यांच्यासाठी पेपर सांगतो की रिक्वेस्ट पुन्हा चालवता येते का, याची खूण तिच्यावरच असावी. म्हणजे ओझं गेलं नाही, फक्त खांदा बदलला. परीक्षेची फी कापली गेली आणि पावतीआधी सर्व्हर मेला, तर विद्यार्थी पुन्हा बटण दाबणारच. तेव्हा दुसऱ्यांदा पैसे कापले जाऊ नयेत, ही सोय कोणीतरी आधीच करून ठेवायला हवी.

माझं मत: डेटाचा खरेपणा शटरवर अवलंबून ठेवू नका, पण शटर काढूनही टाकू नका. कुबरनेटिस सहसा ३० सेकंद देतं. तेवढ्यात उरकेल ते उरका.

आणि कुठलाही पेपर वाचताना विचारा: दावा कशाचा केलाय आणि मोजलंय काय? त्या दोन्हींमधल्या फटीतच तुमचा संशोधनाचा प्रश्न सापडू शकतो.