कहाण्यांतील मूल आणि खुलभर दूध

इ. स. १९१४ मध्यें लंडनच्या मॅकमिलन कंपनीनें चार्ल्स ऑगस्टस किंकेड यांचें ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें. रा. पारसनीस यांच्यासह मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ते हेच किंकेड. पुस्तकांतील चित्रें महादेव विश्वनाथ धुरंधर यांचीं. त्यांचा जन्म सन १८६७ मध्यें कोल्हापुरास झाला.

आपल्या व्रतांच्या कहाण्या परभाषकांपुढें मांडल्याबद्दल उभयतांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. तथापि ग्रंथाचें नांव दिशाभूल करणारें आहे. कहाणी ही मुलांस निजवितांना सांगावयाची गोष्ट नव्हे. ती पूजेनंतर हातांत अक्षता घेऊन ऐकावयाची, आणि ऐकणाऱ्या व्रतस्थ स्त्रिया. मूल हें तींत श्रोता नसून न्यायाचें माप आहे.

सोमवारची कहाणी पाहावी. महादेवाचा गाभारा दुधानें भरावा म्हणून राजा नगरांतील सर्व दूध आणवितो. लेंकरें, वासरें उपाशी राहतात, आणि गाभारा भरत नाहीं. एक म्हातारी घरच्यांस व वासरांस आधीं पाजून उरलेलें खुलभर दूध आणते, आणि तो भरतो. राजास दूध कमी पडलें नाहीं. भुकेल्या मुलांची तळमळ आड आली. राजाज्ञेची इतकी निर्भीड समीक्षा दप्तरांतील फिर्यादींतही क्वचितच सांपडेल.

हाच विषय चित्रांत कसा उतरतो हें पाहण्यास हॉलंडचे योझेफ इस्राएल्स (१८२४–१९११) यांचें उदाहरण घ्यावें. ते चित्रकार, तसेच ताम्रपटावर आम्लानें कोरून चित्रें छापणारेही होते. त्यांच्या सन १८७२ च्या ‘समुद्राचीं लेंकरें’ या रंगचित्रांत कोळ्यांचीं मुलें खेळण्यांतली होडी सोडीत आहेत. थोरल्याच्या पाठीवर धाकटें भावंड आहे. दारिद्र्य येथें डोळ्यांस दिसतें, परंतु तें कोणाच्या हुकुमानें आलें हें दिसत नाहीं. धुरंधरांच्या कुंचल्यासही हीच मर्यादा. वेषभूषेवरून माणसाची पायरी दाखविण्यांत त्यांचा हात वाकबगार; पण दूध आधीं कोणास व मग कोणास, हा क्रम एका चित्रांत मावत नाहीं. तो शब्दांनींच जपला आहे.

सबब संग्राहकांस विनंति कीं, व्रतांच्या पोथ्यांबरोबर कहाण्यांचीं सुटीं पानें आढळल्यास तीं ‘बायकांच्या गोष्टी’ म्हणून बाजूस टाकूं नयेत. म्हातारीनें प्रथम वासरास पाजलें, नातवास कीं सुनेस, हा पाठभेद अवश्य टिपावा. राजाचें नांव कहाणीनें सांगितलेलें नाहीं. हा क्रम मात्र ती विसरलेली नाहीं.