होकुसाईच्या चार लाटा

टी-शर्टांवर, कॅफेतल्या मगांवर जपानी चित्रकार होकुसाईची 'कानागावाची महालाट' इतकी दिसते, की ती पाहायचीच राहून जाते. नीट पाहायची असेल तर त्याच्याच आधीच्या-नंतरच्या लाटा तिच्याशेजारी मांडाव्यात. भीमसेनजींचा शुद्ध कल्याण वर्षानुवर्षं ऐकलेल्या पुणेकराला हे वेगळं सांगायला नको. राग तोच, पण गाणं पुढं गेलेलं.

होकुसाईचा जन्म १७६०चा. १८०५च्या सुमारास त्यानं मासळीच्या होड्यांवर उठलेली लाट काढली. युरोपीय चित्रांची हौस तीत उघड दिसते. छायाप्रकाश तसा, सहीसुद्धा आडवी. लाट मात्र जड, चिखलाची वाटावी अशी.

१८३१च्या आसपासच्या महालाटेत त्याच होड्या पुन्हा येतात. कागद जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उंचीचा. फेसाला नख्या फुटल्यात, तीन होड्यांतली माणसं ओणवी होऊन होडीला चिकटलीत आणि लाटेच्या पोकळीत इवलासा फुजी. पुढची बुटकी लाट तर फुजीचाच आकार घेऊन उभी राहते. दूरचा डोंगर लहान दाखवायची युरोपीय युक्ती आता उसनी वाटत नाही. निळा रंगही युरोपातूनच आलेला, प्रशियन. तोही चित्रात पार मुरलाय.

सत्तरीआधीचं आपलं काही मोजण्याजोगं नाही, एकशेदहाव्या वर्षी प्रत्येक ठिपका जिवंत होईल, असं त्यानं १८३४मध्ये 'फुजीची शंभर दृश्यं'च्या पहिल्या खंडाअखेर लिहिलं. हे सगळेच सांगतात. मला त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या खंडातली लाट जास्त पटते. रंग नाहीत, काळी शाई आणि करडी छटा. होड्या गेल्या, माणसंही गेली. फेसाचे थेंब सुटतात आणि त्यांचेच पक्षी होऊन फुजीकडे उडतात. थेंब कुठं संपला आणि पंख कुठं सुरू झाला, ते बोट ठेवून दाखवता येत नाही. यातलं निम्मं श्रेय एगावा तोमेकिची या कोरक्याला द्यायला हवं. होकुसाईची रेघ लाकडात उतरवताना त्यानं ती कुठंही जाड होऊ दिली नाही. महालाटेपेक्षा हे चित्र मला सरस वाटतं, भले ते मगावर कुणी न छापो.

चौथी लाट ठशाची नाही. १८४५मध्ये, पंच्याऐंशीच्या घरात, ओबुसे गावातल्या उत्सवी रथाच्या छतासाठी त्यानं दोन फळ्या रंगवल्या. आता फुजीही नाही. नुसतं पाणी, आत आत वळत जाणारं.